स्लरी लाइन पुन्हा पुन्हा त्याच जागी फुटते? पट्टी मारण्याआधी हे तपासा

स्लरीच्या, म्हणजे पाण्यात कण मिसळलेल्या मालाच्या, लाइनला भोक पडलं की पहिली हाक वेल्डरला जाते. सम्प (स्लरी साठवून पंपाला देणारी टाकी) भरत आलेला असतो, वरून फोन सुरू असतात, त्यामुळे पट्टी मारून पंप चालू करणं मी समजू शकतो. पण तीच जागा महिना-दीड महिन्यात पुन्हा गळायला लागली, तर पट्टीवर पट्टी चढवून काही साधत नाही. वाळू, खनिजाचा चुरा आणि राख वाहणाऱ्या लाइनींवर मी हेच दुखणं वर्षानुवर्षं निस्तरत आलोय. भोक कुठे पडलं आणि कशा आकाराचं पडलं हे नीट पाहिलं, तर बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं.

म्हणून आधी एक कळकळीची विनंती. खराब तुकडा कापण्याआधी त्यावर ऑइल पेंटने तीन गोष्टी लिहा: वरची बाजू, प्रवाहाची दिशा आणि तारीख. एकदा तुकडा जमिनीवर लोळला की वर काय आणि खाली काय हे कोणालाच सांगता येत नाही. आणि तो भंगारात टाकू नका. उभा चिरून आतली बाजू बघायची आहे.

लक्षणं

तळाला, म्हणजे घड्याळातल्या ६ च्या जागी, लांबच लांब गुळगुळीत चकचकीत चर पडलाय आणि वरची भिंत जवळजवळ नवीन आहे: माल तळाशी बसून घसरत चाललाय. वेग कमी पडतोय किंवा कण जाडे झालेत.

एल्बोच्या (पाइपाला वळवणाऱ्या जोडाच्या) बाहेरच्या वळणावर, किंवा एल्बो संपल्यावर लगेच सरळ पाइपात भोक: कण वळणावर भिंतीला तिरके आपटतायत. साधं पोलाद तिरक्या माऱ्याला, साधारण १५ ते ३० अंशांच्या, सगळ्यात जास्त झिजतं. समोरून सरळ बसणारा मार त्याला त्यामानाने सोसतो.

फ्लँज (दोन पाइप बोल्टांनी जोडणारी चकती), वेल्ड किंवा अर्धवट उघड्या व्हॉल्व्हच्या पुढे लगेचच खोलगट खळगा: आत काहीतरी प्रवाहाच्या आड येतंय आणि त्यामागे भोवरा तयार होतोय.

घोड्याच्या नालासारखे, प्रवाहाच्या दिशेने ओढल्यासारखे दिसणारे खड्डे, आत स्वच्छ धातू, गंजाचा थर नाही: झीज आणि गंज दोन्ही एकत्र काम करतायत.

सुटे सुटे खोल खड्डे, वर तपकिरी खपली, खपली फोडली की आत काळा चिखल: हा मुख्यतः गंज. बहुतेकदा लाइन बंद असताना गाळाखाली झालेला. काळ्या चिखलाला कुजक्या अंड्यांचा वास येत असेल तर सल्फेटवर जगणारे जिवाणूही त्यात आहेत.

पाइपाच्या माथ्यावर, १२ च्या जागी, किंवा एका आडव्या रेषेवर गळती: लाइन पूर्ण भरून वाहत नाही, वर हवा अडकते.

एकाच पाइपात दोन-तीन लक्षणं एकत्र दिसणं नेहमीचंच आहे. याचं कारण असं. लोखंडावर गंजाचा थर बसला की तो पुढच्या गंजाला थोडाफार अडवतो. स्लरीतला कण तो थर खरवडून नेतो, खालचं कोरं लोखंड उघडं पडतं आणि पाण्यातला ऑक्सिजन त्याला लगेच धरतो. नवा थर बसतो न बसतो तोच पुन्हा खरवडला जातो. त्यामुळे एकूण नुकसान हे नुसती झीज अधिक नुसता गंज या बेरजेपेक्षा जास्त निघतं. म्हणूनच ‘पाइपाचा माल खराब आला’ या निष्कर्षावर घाईने येऊ नका. मी पाहिलेल्या प्रकरणांत तो क्वचितच खरा निघाला.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

लॉगबुक घेऊन बसा. गळती सुरू होण्याच्या आधीच्या दोन-तीन महिन्यांत काय बदललं ते शोधा: पंपाची पुली, मोटरचा वेग, पाण्याचा स्रोत, येणारा माल, दिवसाला किती वेळा लाइन थांबते. ‘काहीच बदललं नाही’ हे उत्तर मी सहसा स्वीकारत नाही. तिन्ही शिफ्टच्या माणसांना वेगवेगळं विचारलं की काहीतरी निघतंच.

मग लाइन चालू असताना तिच्या कडेने चालत जा. एक लांब स्क्रूड्रायव्हर किंवा लोखंडी सळई घ्या, टोक पाइपाला टेकवा आणि मूठ कानाच्या मागच्या हाडाला लावा. आधी माथ्यावर ऐका, मग बाजूला, मग तळाला. चांगल्या वाहणाऱ्या लाइनीत तिन्हीकडे साधारण एकसारखी खरखर असते. तळाला रवाळ, थांबून थांबून घासल्यासारखा आवाज आणि वर नुसतंच पाणी वाहिल्यासारखं वाटलं, तर माल तळाशी सरकतोय. तळाला अगदी शांतता असेल तर तिथे गाळ बसून राहिलाय आणि वरच्या उरलेल्या जागेतून स्लरी जोरात निघतेय. यासाठी एक पैसा लागत नाही. मात्र गळती झालेल्या किंवा पट्टी मारलेल्या जागेजवळ हे करू नका, आणि चालू लाइनवर हातोडी तर कधीच मारू नका. पातळ झालेली भिंत तेवढ्या ठोक्यानेही फुटते.

चाळणी बघा. खरंच जाऊन, बॅटरी मारून बघा. चाळणीची एक जाळी फाटली की ज्या आकारासाठी लाइन बसवली त्याच्या तिप्पट-चौपट जाडे खडे आत जातात. ते उचलून धरायला तेवढा वेग नसतो, मग ते तळाशी घासत जातात. जमलं तर डिस्चार्जच्या टोकाला एक बादली स्लरी घेऊन धुऊन, तळाचे खडे हातात घेऊन बघा. चाळणीच्या भोकापेक्षा मोठा खडा सापडला की अर्धा तपास संपला.

सम्पची पातळी बघा. पाण्यावर भोवरा पडून तो सक्शनच्या, म्हणजे पंपाच्या ओढणाऱ्या पाइपाच्या, तोंडापर्यंत जातोय का? किंवा येणारी स्लरी उंचावरून सम्पमध्ये कोसळून फेस होतोय का? अशी हवा ओढली गेली की दोन नुकसानं होतात: पंपाचा प्रवाह हेलकावे खातो आणि पाण्यात सतत ताजा ऑक्सिजन मिसळत राहतो. येणारा पाइप पाण्याच्या पातळीखाली नेला आणि सम्पची किमान पातळी वाढवली, तर एवढ्यानेही गंजाचा वेग कमी झालेला मी पाहिलाय.

वेगाचा हिशोब

इथे जरा थांबून कागद घ्या, कारण सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. वेग कमी पडला तर माल तळाशी बसतो आणि चर पडतो. वेग जास्त झाला तर झीज भराभर वाढते, साधारण वेगाच्या दुसऱ्या ते तिसऱ्या घाताच्या प्रमाणात. म्हणजे वेग २० टक्के वाढवला तर झीज १.४ ते १.७ पट. ‘लाइन जाम होते म्हणून पंप थोडा वाढवला’ या एका निर्णयाने एल्बोचं आयुष्य जवळपास निम्म्यावर येऊ शकतं.

उदाहरण घेऊ. २०० मिमी नाममात्र व्यासाचा शेड्यूल ४० (भिंतीच्या जाडीची ठरावीक श्रेणी) पाइप. बाहेरचा व्यास २१९.१ मिमी, भिंत ८.१८ मिमी, म्हणजे आतला व्यास सुमारे २०३ मिमी आणि आतलं क्षेत्रफळ ०.०३२३ चौरस मीटर. तासाला ३०० घनमीटर स्लरी जात असेल तर वेग सेकंदाला २.६ मीटर येतो.

आता माल कोणत्या वेगाखाली बसतो ते बघू. ड्युरँडचं सूत्र यासाठी अजूनही सोयीचं आहे:

बसण्याचा वेग = गुणक × वर्गमूळ (२ × ९.८१ × आतला व्यास मीटरमध्ये × (कणांची सापेक्ष घनता − १))

क्वार्ट्झ वाळूची सापेक्ष घनता २.६५. वर्गमुळाचं उत्तर येतं २.५६. गुणक बारीक किंवा मिश्र आकाराच्या मालाला १ च्या आसपास किंवा त्याहून कमी, जाड्या वाळूला १.३ च्या आसपास. म्हणजे बारीक मालाला साधारण २.६, जाड्याला ३.३ मीटर. आपली लाइन २.६ वर चालतेय. बारीक माल होता तोवर ती कशीबशी तग धरून होती. चाळणी फाटली आणि जाडा माल आला, तर तीच लाइन त्याच दिवसापासून तळाला घासायला लागते. मी हिशोबाच्या वेगापेक्षा सेकंदाला ०.३ मीटर वर राहतो. त्याहून पुढे जात नाही.

एक गोष्ट लक्षात ठेवा. क्वार्ट्झ साध्या पोलादापेक्षा कितीतरी पट कठीण असतं. त्यामुळे झीज शून्य होणार नाही. ती सगळीकडे सारखी आणि सावकाश व्हावी एवढंच आपल्या हातात आहे.

पाणी तपासा

पीएच पट्टी सम्पमध्ये बुडवायला एक मिनिट लागतं. पीएच ४ च्या खाली गेला तर आम्ल लोखंडाला थेट खातं. ४ ते १० च्या मधे पीएचपेक्षा पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन गंजाचा वेग ठरवतो, म्हणून ‘पीएच ७ आहे, म्हणजे गंज नाही’ हा समज सोडून द्या. २५ अंशांच्या, हवेशी मोकळ्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो आणि तेवढा पुरेसा असतो. चुना घालून पीएच १० च्या वर नेला तर पोलादावर टिकाऊ थर धरतो, आणि खनिजाच्या कित्येक लाइनींवर हाच उपाय चालतो. पण मालाची पुढची प्रक्रिया चुन्याने बिघडत नाही ना, हे आधी विचारा. पाणी फिरून फिरून तेच वापरलं जात असेल तर क्लोराइड साठत जातं. तेही तपासून घ्या.

गंजाचा वाटा किती हे घरच्या घरी अजमावता येतं. त्याच जातीच्या पोलादाची स्वच्छ पट्टी वजन करून, कण खाली बसवून गाळलेल्या लाइनच्याच पाण्यात दोन आठवडे टांगा. मग गंज साफ करून पुन्हा वजन करा. हिशोब असा: ८७.६ × घटलेलं वजन मिलिग्रॅममध्ये, भागिले (७.८५ × क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरमध्ये × तास). उत्तर वर्षाला किती मिमी ते येतं. १०० चौरस सेंटिमीटरची पट्टी ३३६ तासांत ५०० मिलिग्रॅम घटली तर वर्षाला ०.१७ मिमी. स्थिर पाण्यातला हा आकडा किमान समजा. वाहत्या, खरवडणाऱ्या स्लरीत गंज याहून जास्त असतो.

लाइन थांबवताना फ्लशिंग करता का, हेही इथेच विचारा. स्लरी भरलेली लाइन दोन दिवस तशीच ठेवली की गाळाखाली खड्डे पडायला लागतात. साफ पाण्याने शेवटच्या टोकाला पाणी निवळ येईपर्यंत धुवा. बरेच दिवस थांबायचं असेल तर लाइन रिकामी करा.

जाडी मोजणं

इथून पुढे थोडा खर्च आहे. अल्ट्रासॉनिक जाडी मीटर लागतो. मोजायच्या जागा कायमच्या खुणा करून ठरवा, प्रत्येक जागी घेराभोवती ८ बिंदू, प्रवाहाच्या दिशेने तोंड करून घड्याळाप्रमाणे. एल्बोच्या बाहेरच्या वळणावर आणि त्याच्या पुढच्या सरळ पाइपावर बिंदू दाट घ्या. एक रीडिंग काही सांगत नाही. दोन तारखांमधला फरक सांगतो.

चुकीच्या रीडिंगने मी लोकांना फसताना पाहिलंय, म्हणून तीन सूचना. रंगावरून मोजलं तर रंगाची जाडी दोन-तीन पट होऊन पोलादात मिसळते. रंग खरवडा किंवा प्रतिध्वनी ते प्रतिध्वनी मोड वापरा, तो रंग वगळून फक्त धातू मोजतो. मीटर त्याच धातूच्या ठोकळ्यावर जुळवून घ्या. आणि तिसरी सगळ्यात धोक्याची: भिंत फार पातळ झाली की काही मीटर दुप्पट आकडा दाखवतात. १ मिमी उरलेली असते, पडद्यावर २ येतं. शेजारच्या बिंदूंवर आकडा ३, २, १.५ असा उतरत जाऊन मधेच अचानक वाढला, तर त्या वाढीवर विश्वास ठेवू नका. तिथून हात काढा आणि लाइन थांबवायला सांगा.

आता किती जाडी उरली की बदलायचं? दाब १६ बार, बाहेरचा व्यास २१९.१ मिमी आणि धातूवर १३८ मेगापास्कल ताण चालेल असं धरलं, तर नुसत्या दाबासाठी १.३ मिमी भिंत पुरते. हा आकडा ऐकून ‘मग अजून बरंच आयुष्य आहे’ असं म्हणणारे भेटतात. पण या हिशोबात आधारांच्या मधे पाइपाला येणारा बाक नाही, पाण्याचा धक्का नाही, आणि तुमच्या दोन बिंदूंच्या मधे लपलेला अरुंद चरही नाही. मी अशा पाइपाला ४ मिमीवर बदलायला काढतो. खरी मर्यादा तुमच्या लाइनला लागू असलेल्या संहितेप्रमाणे अभियंत्याने ठरवायची. एएसएमई या अमेरिकन यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेच्या संहितांमध्ये स्लरी लाइनसाठी पूर्वी वेगळी बी३१.११ होती, २०१२ पासून ती बी३१.४ मध्ये सामावली आहे.

लाइन उघडून बघणं

लाइन थांबवून, दाब पूर्ण उतरवून, पंपाला कुलूप लावूनच. एका कारखान्यातलं प्रकरण सांगतो. एल्बोच्या पुढच्या फ्लँजनंतर तळाला पाचेक आठवड्यांनी भोक पडायचं. चार पट्ट्या झाल्या होत्या आणि जाड भिंतीचा नवा पाइप मागवायचं ठरत होतं. फ्लँज उघडल्यावर मी तळाला बोट फिरवलं. आधी एक मऊ कडा बोटाला अडली, मग उतार, आणि मग चमच्याच्या पोटासारखा गुळगुळीत खळगा, वीतभर लांब. मऊ कडा गॅस्केटची, म्हणजे फ्लँजच्या मधे गळती रोखायला बसवलेल्या चकतीची होती. शीटमधून कापताना लहान पाइपाचा साचा वापरला होता, त्यामुळे खालच्या अर्ध्या भागात गॅस्केट ६ मिमी आत आलं होतं. प्रत्येक दुरुस्तीत वेल्डरने पाइप बदलला किंवा पट्टी मारली, आणि फिटरने तेच गॅस्केट परत बसवलं. बरोबर भोकाचं गॅस्केट लावल्यावर त्या जागेची झीज बाकीच्या लाइनीइतकीच झाली. जाड पाइपाची गरज पडली नाही.

तेव्हा उघडल्यावर गॅस्केटची आतली कड, दोन्ही पाइपांची तोंडं एका रेषेत आहेत का, भिंतींच्या जाडीत पायरी आहे का, आणि वेल्डचं आत उतरलेलं मूळ हे हाताने तपासा. बाहेरून मारलेल्या पट्टीमागे आत जुन्या भोकाची कड तशीच राहते, आणि तीच पुढच्या भोकाची सुरुवात करते.

उपाय, आणि त्यांच्या मर्यादा

तळ झिजलाय आणि बाकी भिंत चांगली आहे, तर पाइप १२० अंशांत फिरवा. एका पाइपाची तीन आयुष्यं मिळतात, पण साधारण एक तृतीयांश भिंत जायच्या आत फिरवलं तरच. भोक पडल्यावर फिरवणं म्हणजे भोक कुशीवर नेणं. फिरवल्याची तारीख पाइपावरच रंगवा.

एल्बोला लांब त्रिज्येचं वळण द्या किंवा आतून अस्तर असलेला घ्या. अस्तर निवडताना माल बघा. रबर बारीक, गोलसर कणांना उत्तम, पण जाडे धारदार खडे त्याला फाडतात आणि तेल, उष्णता चालत नाही. अॅल्युमिना सिरॅमिक तिरक्या घासण्याला फार टिकतं, पण मोठा खडा समोरून आपटला तर तडकतं. अस्तर लावलं की बाहेरून घेतलेलं जाडीचं रीडिंग फक्त पोलादाचं असतं, अस्तराबद्दल ते काही सांगत नाही. प्लास्टिक अस्तराच्या पाइपाला श्वासछिद्रं (बाहेरच्या पोलादात ठेवलेली बारीक भोकं) असतील तर ती रंगाने बुजवू नका. तिथून आलेला पहिला थेंब हाच तुमचा इशारा.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही असेल तर काम तिथेच थांबवा आणि त्या विषयाचा प्रमाणित माणूस बोलवा.

लाइन चालू असताना पातळ भिंतीवर वेल्डिंग करायचं म्हटलं जात असेल तर नाही म्हणा. ज्योत आरपार जाते आणि दाबाखालची स्लरी अंगावर येते. क्लॅम्प लावूनही ती तात्पुरती मलमपट्टीच समजा, आणि क्लॅम्पखालची जाडी अभियंत्याने मान्य केल्याशिवाय लावू नका.

लाइन जाम झाली असेल तर गेज शून्य दाखवत असलं तरी फ्लँज सैल करू नका. गाळाच्या बोळ्यामागे दाब अडकलेला असू शकतो, आणि तो बोळा सुटतो तेव्हा बाजूला व्हायला वेळ मिळत नाही.

लाइनवर घनता मोजणारा किरणोत्सारी मीटर असेल तर त्याच्या आसपासचा पाइप फिरवणं, कापणं, अगदी क्लॅम्प सैल करणंसुद्धा विकिरण सुरक्षा अधिकाऱ्याशिवाय करायचं नाही.

कुजक्या अंड्यांचा वास आला आणि मग येईनासा झाला, तर वायू गेला असं समजू नका. हायड्रोजन सल्फाइड जास्त प्रमाणात नाकाची जाणीवच मारतो. सम्पमध्ये, खड्ड्यात किंवा मोठ्या पाइपात वायू मोजल्याशिवाय आणि बाहेर माणूस उभा केल्याशिवाय उतरू नका.

वेल्डपाशी बारीक केसासारखी चीर दिसली, विशेषतः गरम आणि तीव्र अल्कली स्लरी असेल, तर ती झीज नाही. अल्कलीने येणारी ताणाची चीर असू शकते, ती पट्टीखाली पुढे धावते. लाइन बंद ठेवा आणि धातुतज्ज्ञाकडून तपासून घ्या. त्याला नुसता फोटो पाठवू नका, खुणा केलेला तो कापलेला तुकडाच द्या.